दुखायचं थांबलेली जागा

“आणि मग?” भवानगीर महाराजांनी विचारलं.

“मग काय, महाराज... बरी झाली.”

“कोण म्हणतं?”

“ती म्हणते. तिचं गाव म्हणतं.” अच्युत जरासा हसला. “आणि मी म्हणतो.”

महाराजांनी खाली पायरीकडे बघितलं.

बेलदऱ्याचा मठ लहान. टेकडीच्या पोटात दोन खोल्या आणि पुढे एक लांब ओटा, पूर्वेला तोंड केलेला. सकाळचं ऊन त्या ओट्यावर सरळ येतं. त्या उन्हात लोक येऊन बसतात आणि तोंड उघडतात. कुणाची जीभ सोललेली. कुणाच्या हिरड्या वर्षानुवर्षं सुजलेल्या. कुणाच्या गालाच्या आत पांढरी जाळी पडलेली, आणि पाण्याचा घोटसुद्धा झोंबणारा. भवानगीर चाळीस वर्षं तिथे बसून लोकांची तोंडं बघत होते. त्याआधी त्यांच्या गुरूंनी बघितली होती.

औषधं साधी होती. चघळायला जाईची पानं, त्रिफळ्याच्या काढ्याच्या गुळण्या, तूप, आणि मठातच घोटला जाणारा एक लेप. आग कमी व्हायची. काही महिन्यांनी पुन्हा उठायची. लोक पुन्हा यायचे.

अच्युत पारगावकर वैद्यकीची परीक्षा देऊन या ओट्यावर आला आणि सहा वर्षं शिकला. हात हलका, नजर तीक्ष्ण, पाठांतर चोख. महाराजांचा इतका हुशार शिष्य दुसरा झाला नाही, असं मठात येणारे म्हणत. अच्युतलाही ते माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तो तालुक्याच्या गावी गेला, दवाखाना काढला. आता तीन तालुक्यांतून लोक त्याच्याकडे येत होते.

आज तो पहिल्यांदाच परत आला होता, आणि कौतिकाबाई कासारणीला बरोबर घेऊन आला होता. ती खाली पायरीवर बसली होती.

“बारा वर्षं हिचं तोंड जळत होतं,” अच्युत म्हणाला. “दोन्ही गालांत जाळी. जिभेच्या कडा सोललेल्या. ताकात कुस्करलेल्या भाकरीवर जगली बाई. चार ठिकाणी फिरून माझ्याकडे आली. मी मठाच्या लेपात थोडा बदल केला आणि चार महिन्यांत आग थांबवली. साफ थांबवली.”

“हं.”

“महाराज, मला एक मागायचंय.”

“माग.”

“मठाचा नियम आहे. तोंडाच्या जुन्या दुखण्याला ‘बरं झालं’ म्हणायचं नाही. ‘आज शांत आहे’ एवढंच म्हणायचं. सहा वर्षं मी तेच म्हणत आलो.”

“मग?”

“त्यातून मला मोकळं करा.”

महाराजांनी मान वर केली.

“माणूस बारा वर्षं जळतो,” अच्युत म्हणाला. “शेवटी त्याला एक शब्द हवा असतो. तो आपण का द्यायचा नाही? याला नम्रता म्हणायचं, की भीती?”

“तू दिलास तिला तो शब्द?”

“दिला.”

“कधी?”

“दिवाळीला.”

“आता कुठला महिना?”

“भाद्रपद.”

महाराजांनी बोटांवर महिने मोजले.

“बोलव तिला,” ते म्हणाले.

कौतिकाबाई पदर सावरत वर आली. पन्नाशी ओलांडलेली, काटक बाई. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती चौदा गावं पायी फिरायची. तिची हाळी एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीपर्यंत पोचायची, असं लोक सांगत.

“बस, माय,” महाराज म्हणाले. “जेवतेस कशी?”

“लय झ्याक, म्हाराज.” तिचा चेहरा उजळला. “ठेचा खाते. बारा वरीस ठेच्याचा नुसता वास घेतला व्हता. आता भाकरीसंगं खाते. वैद्यदादाचे उपकार.”

अच्युतने मान खाली घातली. त्याला बरं वाटलं होतं, ते दिसत होतं.

“तंबाखू? मिसरी?”

“मिसरी लावायचे. सोडली. आठ वरसं झाली.”

“तोंड उघड.”

महाराजांनी आधी उजवा गाल बघितला, मग डावा. जाळी होती, पण फिकी. वरचा ओठ उलटला, खालचा उलटला. हिरड्यांवरून बोट फिरवलं. कुठे घाई नव्हती. मग स्वच्छ फडक्याने जिभेचं टोक धरलं आणि जीभ हळूच उजवीकडे ओढली.

डावी कड दिसली. पार मागे, दाढांच्या जवळ.

महाराजांचा हात थांबला.

त्यांनी बोट आत घातलं. त्या जागेवर टेकवलं. दाबलं.

“इथे दुखतं?”

तिने नाही अशी मान हलवली. फडकं सोडल्यावर ती म्हणाली, “आधी तितंच लय दुखायचं. रडायचे मी. आता काईच न्हाई. घास लागतो तितं, पन दुखत न्हाई.”

“कधीपासून दुखत नाही?”

“दिवाळीपास्नं आसंल.”

महाराजांची बोटं तिच्या जबड्याखाली गेली. डावीकडे, कानाच्या जरा खाली. तिथे ती बराच वेळ राहिली.

“अच्युत, इकडे ये.”

तो आला. महाराजांनी काही सांगितलं नाही. कौतिकाबाईला पुन्हा तोंड उघडायला लावलं, अच्युतच्या उजव्या हाताचं बोट धरलं आणि त्या जागेवर नेऊन ठेवलं.

अच्युतच्या बोटाला आधी ओलावा लागला. मग कड लागली. वर आलेली, टणक, वाळलेल्या सुपारीसारखी. मधे खळगा. अंगठ्याच्या नखाएवढी जागा.

सहा वर्षांत या ओट्यावर हा स्पर्श त्याच्या बोटाला नऊ वेळा झाला होता. नऊच्या नऊ माणसं त्याला आठवत होती. त्यांतलं कुणीही आता नव्हतं.

त्याने हात काढून घेतला, तिच्या जबड्याखाली चाचपलं. तिथेही गाठ होती.

“काय हाय, दादा?” कौतिकाबाईने विचारलं.

अच्युत बोट फडक्याला पुसत राहिला.

“माय, आत जा,” महाराज म्हणाले. “मडक्यात गार दूध आहे. घे थोडं. आम्ही येतो.”

ती आत गेली. तिच्या पावलांचा आवाज थांबला.

“शेवटचं कधी बघितलंस?” महाराजांनी विचारलं.

“दिवाळीला.”

“त्यानंतर भेटली नाही?”

“...भेटली. होळीच्या आधी. घरी आली होती. माझ्या बायकोला बांगड्या भरायला.”

“किती वेळ होती?”

“तासभर. चहा घेतला. हसत होती.”

“तोंड बघितलंस?”

“ती रुग्ण म्हणून आली नव्हती, महाराज...”

महाराजांनी डोळे मिटले आणि उघडले.

“जळत होतं तेव्हा किती वेळा बघायचास?”

“दर आठवड्याला.”

“कशासाठी?”

“दुखत होतं म्हणून.”

“मग तू दुखणं बघत होतास,” महाराज म्हणाले. “तोंड नाही.”

ओट्यावर ऊन चढत होतं. खाली पायरीशी आणखी दोन माणसं येऊन बसली होती. महाराजांनी त्यांना हातानेच थांबायची खूण केली.

“माझ्या लेपानं झालं का हे?” अच्युतने विचारलं.

“नाही.”

“मग?”

“जुन्या जाळीचं शंभरात एखाद्याचं असं वळतं. लेप लावला तरी वळतं, न लावला तरी. तुला हे माहीत होतं.”

“हो.”

“तूच लिहून ठेवलं होतंस. माझ्यासमोर.”

“हो...”

अच्युतने आतल्या दाराकडे बघितलं.

“तिला कोण सांगणार?” अच्युत म्हणाला.

“‘बरी झालीस’ असं कोण म्हणालं होतं?”

अच्युत उठला. आत गेला. महाराज त्याच्या मागून गेले आणि दाराशी उभे राहिले.

कौतिकाबाई भिंतीला टेकून बसली होती. दुधाचा पेला तिच्या हातात होता, अर्धा. अच्युत तिच्यासमोर खाली बसला.

“मावशी,” तो म्हणाला, “जरा जुनी सूज राहिलीय. तालुक्याला जाऊन औषध बदलू. काळजी करण्यासारखं...”

तो थांबला. दाराकडे त्याने बघितलं नाही. महाराज काही बोलले नव्हते, हललेही नव्हते. तरी त्याला पुढचा शब्द काढता आला नाही.

“मावशी, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “सूज नाही ती. गाठ आहे. वाईट गाठ. कॅन्सरची असणार. गळ्यातही उतरलीय. शहरात मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. कापावं लागेल.”

तिने पेला खाली ठेवला.

“मला ती आधी दिसायला पाहिजे होती,” अच्युत म्हणाला. “मी बघितलं नाही.”

कौतिकाबाई बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, “तिखट खाल्ल्यानं झालं का, दादा?”

“नाही, मावशी. तिखटानं नाही.”

“मग ठीक हाय.” तिने मान हलवली. “धा म्हैने तरी त्वांडाला चव व्हती.”

अच्युतने जमिनीवर हात टेकले.

“आवाज जाईल का?” तिने विचारलं.

त्याने आता महाराजांकडे बघितलं. महाराज बाहेर बघत होते.

“जाईल,” अच्युत म्हणाला. “बहुतेक जाईल.”

बाहेर कुणीतरी खोकलं. चुलीतलं लाकूड सरकून खाली पडलं.

“मग आज न्हाई निगायचं,” ती म्हणाली. “उद्या बेलदऱ्याचा बाजार हाय. यकदा पेटी घिऊन बसते. मग जाऊ.”

दुसऱ्या दिवशी ती बाजारात बसली. अच्युत चिंचेखाली लांब उभा राहिला. ती सकाळपासून दुपारपर्यंत हाळी देत होती. हिरव्या घ्या, लाल घ्या, लेकीबाळींच्या हातात भरा. आवाज स्वच्छ होता, खणखणीत. बायका हसत होत्या, हात पुढे करत होत्या. ती कुणाचाही हात हातात घेऊन, पंजा दाबून मऊ करून, एक एक बांगडी वर चढवत होती. एकही बांगडी फुटली नाही.

त्या आवाजापुढे अच्युतला उभं राहवेना, आणि जाताही येईना.

तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन शहरात गेला.

तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. डॉक्टर तरुण होते, भले गृहस्थ. अच्युत कोण आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

“सहा महिने आधी आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं,” ते म्हणाले. “कुणाकडे उपचार चालू होते?”

“माझ्याकडे,” अच्युत म्हणाला.

डॉक्टरांनी कागदावरून मान वर केली. मग पुन्हा खाली घातली. पुढे त्यांनी काही विचारलं नाही.

अर्ध्याहून जास्त जीभ काढली. डावीकडचा जबडा काढला. गळ्यातल्या गाठी काढल्या. मग दीड महिना किरणं दिली. किरणांनी उरलेलं तोंड सोलून निघालं. आधीच्या बारा वर्षांत कधी झाली नव्हती एवढी आग आता त्या तोंडात होती.

तिची एकुलती लेक लांब दिलेली. ती आली, पंधरा दिवस राहिली, तिच्या घरचं बोलावणं आलं तशी रडत गेली. तेव्हा अच्युतने कौतिकाबाईला आपल्या दवाखान्याच्या पुढच्या खोलीत आणलं. रुग्ण तपासायचा पलंग होता, तोच तिला दिला. दवाखाना बंद केला.

लेप तिला सोसत नव्हता. जाईच्या पानाचा रसही सोसत नव्हता. तो एकदा बेलदऱ्याला धावत गेला.

“काय देऊ?” त्याने विचारलं.

“काय गिळते?”

“काहीच नाही. नाकातल्या नळीनं पेज जाते.”

“मग पाणी दे,” महाराज म्हणाले. “उकळून गार केलेलं. चिमूटभर मीठ. तोंड ओलं ठेव.”

“आणि?”

“दिवसभर.”

तो परत आला. दर दोन तासांनी मिठाचं पाणी कापसावर घेऊन तो तिचं तोंड धुवायचा. उरलेली जीभ, हिरड्या, कापलेली कड. साय धरलेली जागा भिजवून मोकळी करायची. ओठांना तूप लावायचं. कुणीतरी शहरातून सांगितलं म्हणून तो बर्फाचे बारीक तुकडे फडक्यात बांधून द्यायचा, ती ते ओठांना लावून धरायची. त्याची बायको पेज गाळायची, नळीत सोडायची. कौतिकाबाईने भरलेल्या आपल्या हातातल्या बांगड्यांकडे ती बघायची नाही, आणि त्या काढायचीही नाही.

रोज सकाळी तो आतली सगळी जागा बघायचा. टोकापासून घशापर्यंत, एकही कोपरा न सोडता. बघून झालं की वहीत लिहायचा. काय लाल, काय पांढरं, काय भरलं, काय नाही.

पौषात थोडं बरं वाटलं. नळी निघाली. ती चमच्याने पेज गिळायला लागली. अर्धी ओठांवरून ओघळायची, ती स्वतःच पुसायची. बोलता येत नव्हतं. घशातून नुसता एक जाडा आवाज निघायचा, त्यात शब्द ओळखू येत नव्हते. तिने काही दिवस प्रयत्न केला. मग सोडून दिला.

फाल्गुनात उजव्या बाजूला नवी गाठ आली. यावेळी ती अच्युतनेच पाहिली. तांदळाच्या दाण्याएवढी असताना पाहिली. त्याच दिवशी तो तिला शहरात घेऊन गेला. डॉक्टरांनी बघितलं आणि अच्युतला बाजूला नेलं.

“हे लवकर सापडलं,” ते म्हणाले. “पण आता याचा उपयोग नाही. घरी न्या.”

त्याने तिला परत आणलं.

त्या आठवड्यात एका दुपारी अच्युत पलंगाशेजारी बसला होता. तीन रात्री त्याला झोप नव्हती. खोलीत कुणी नव्हतं. तो एकदम तिच्या पायांवर वाकला.

“मावशी,” तो म्हणाला, “मला माफ करा.”

तिने पाय ओढून घेतले नाहीत. बराच वेळ ती वर छताकडे बघत होती. मग तिने कोपरावर भार दिला, जरा उठली. उशी मागे सरकवली. खिडकीच्या बाजूला मान वळवली.

आणि तोंड उघडलं.

त्या दिवशी सकाळी त्याने बघितलं नव्हतं. ते तिच्या लक्षात होतं.

अच्युत तसाच बसून राहिला. ती तोंड उघडं धरून वाट बघत होती. जबडा नसलेल्या बाजूने लाळ गळत होती. तिला ते धरून ठेवणं जड जात होतं, मान थरथरत होती... तरी तिने मिटलं नाही.

त्याने मिठाचं पाणी घेतलं, कापूस घेतला, आणि बघितलं.

चैत्र संपता संपता ती गेली. सकाळची वेळ होती. लेक पोचली नव्हती. अच्युतची बायको तिच्या उशाशी होती, अच्युत पायाशी. शेवटचे दोन दिवस तोंडात आग नव्हती, असं त्याला वाटलं. पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही. त्याला खात्री नव्हती.

आषाढाच्या सुरुवातीला तो बेलदऱ्याला आला.

पाऊस थांबलेला होता. महाराज ओट्यावर बसले होते, आणि पाच-सहा माणसं रांगेत होती. गेल्या वर्षापेक्षा महाराज खूप थकले होते. फडकं धरताना त्यांची बोटं कापत होती. ते एका म्हातारीचा ओठ उलटून बघत होते, आणि बघायला त्यांना अगदी जवळ वाकावं लागत होतं.

अच्युतने नमस्कार केला. महाराजांनी मान हलवली, म्हातारीचं बघणं पुरं केलं, तिला दोन शब्द सांगितले. मग त्याला जवळ बसवलं.

“गेली,” अच्युत म्हणाला.

“कळलं.”

“मी तिला मारलं का, महाराज?”

“रोगानं मारलं.”

“आणि मी?”

“तू दहा महिने तिथे नव्हतास.”

अच्युतने तेच ऐकायची तयारी केली होती.

“हे जाईल का?” त्याने छातीवर हात ठेवला. “हे इथलं?”

महाराजांनी मांडीवरच्या फडक्याची घडी केली.

“तुमच्या हातून कधी असं...?”

महाराज समोरच्या टेकडीकडे बघत राहिले. अच्युतने थोडी वाट पाहिली. मग त्याला कळलं, यालाही उत्तर मिळणार नाही.

“मी दवाखान्याची पाटी काढलीय,” तो म्हणाला. “किल्ली भावाला दिली. बायको माहेरी राहील काही दिवस. मी नर्मदेकडे जातो. तिकडे एखाद्या घाटावर बसेन, नाव घेईन. माझ्याच्यानं आता कुणाचं तोंड बघवणार नाही.”

“कधी निघतोस?”

“आत्ता. तुमचा निरोप घ्यायला आलो.”

“बरं.”

एवढंच महाराज म्हणाले. अच्युतला वाटलं होतं ते रागावतील, किंवा थांबवतील, किंवा निदान डोक्यावर हात ठेवतील. तो पायांशी वाकला, उठला, चपला शोधायला वळला.

रांगेतला पुढचा माणूस वर आला होता. चाळिशीचा, दगडाच्या खाणीवरचा कामगार. केसांत पांढरी धूळ. वीस वर्षं तोंडात गुटखा आणि सुपारी. आता गाल आतून लाकडासारखे कडक झाले होते. तो महाराजांपुढे बसला आणि तोंड उघडायला लागला. दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढी फट पडली, आणि तिथेच अडलं. त्याने पुन्हा जोर केला. डोळ्यांत पाणी आलं.

महाराजांनी बोट पुढे नेलं. ते कापत होतं. फटीजवळ गेलं, दाताला लागलं, बाजूला सरकलं. पुन्हा नेलं. पुन्हा सरकलं.

महाराजांनी हात मांडीवर ठेवला.

अच्युत चपला हातात घेऊन उभा होता.

“याचं पूर्ण उघडणार नाही, महाराज,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “गाल आतून आखडलेत. कितीही केलं तरी...”

“माहीत आहे.”

“बोटभरच्या जागी दोन बोटं होतील. तेही वर्षानं.”

“हो.”

“आणि आत काही असलं तरी दिसणार नाही सहजी.”

“नाही दिसणार.”

तो माणूस एकदा महाराजांकडे, एकदा अच्युतकडे बघत होता. तोंड त्याने तसंच धरलं होतं, उघडेल तेवढं.

“मग मी काय करू शकतो?” अच्युतने विचारलं.

महाराज जरा बाजूला सरकले. ओट्यावर त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा झाली.

“त्याला घाई करू नकोस,” ते म्हणाले. “तोंड उघडायला त्याला वेळ लागेल... तू थांब.”